काम संपल्यावर माणसं कुठे जातात? फ्रीलान्सिंगमधल्या ओळखींबद्दल

दौतटाक

मी अनुवाद आणि संपादन करते. ७ वर्षं झाली नोकरी सोडून.

गेल्या वर्षी एकाच महिन्यात माझे दोन मोठे क्लायंट सुटले. भांडण नाही, कामाबद्दल तक्रार नाही. एका ठिकाणी माझ्याशी बोलणाऱ्या बाई नोकरी बदलून गेल्या, त्यांच्या जागी आलेल्यांनी स्वतःच्या ओळखीचा अनुवादक घेतला. दुसऱ्या ठिकाणी ते काम ऑफिसातलीच माणसं करू लागली. या दोघांकडून माझं तीन चतुर्थांश उत्पन्न यायचं.

आता कुणाला विचारावं म्हणून एका रात्री जुने मेल चाळत बसले आणि एक यादी करायला घेतली. ७ वर्षांत मी ज्यांच्याबरोबर काही ना काही काम केलं होतं अशी ६३ माणसं निघाली. संपादक, डिझायनर, प्रकल्प सांभाळणारे, एकदाच भेटलेला एक इंजिनिअर, ज्याच्या यंत्राचं माहितीपत्रक मी मराठीत आणलं होतं. प्रत्येकाच्या नावापुढे शेवटचा मेल काय होता ते लिहीत गेले. ५१ जणांपुढे एकच ओळ होती: 'पेमेंट मिळालं, धन्यवाद.'

ते वाचून पोटात खड्डा पडला. नेटवर्किंग आपल्याला जमत नाही असं मी सगळ्यांना सांगत आले होते. जमायचं काय त्यात? ओळखी तर झालेल्याच होत्या. मी प्रत्येक इन्व्हॉइसबरोबर त्या मिटवून टाकत होते.

त्या ५१ पैकी २० जणांना लिहायचं ठरवलं. काम मागायचं नाही, एवढं पक्कं केलं. पहिला मेल लिहायला मला पाऊण तास लागला. तो असा:

'नमस्कार. तीन वर्षांपूर्वी आपण त्या वार्षिक अहवालावर एकत्र काम केलं होतं. त्यातली परिशिष्टांची मांडणी तुम्ही शेवटच्या दिवशी बदललीत, त्यामुळे माझं काम खूप सोपं झालं होतं. तेव्हा सांगायचं राहून गेलं. सध्या कशावर काम चालू आहे? मी अजून अनुवाद आणि संपादनच करते, हल्ली तांत्रिक मजकूर जास्त असतो.'

२० पैकी १३ जणांचं उत्तर आलं. चौघांशी फोनवर निवांत बोलणं झालं. दोघांकडून पुढच्या तीन महिन्यांत काम आलं, आणि त्यातला एक तर मला धड आठवतही नव्हता. मी तपासलेल्या पुस्तिकेची पानं त्याने लावली होती, आमच्यात सगळे मिळून पाच मेल झाले असतील. तो म्हणाला, 'तुमच्या फायलीत एकही चूक शोधावी लागली नव्हती, ते लक्षात राहिलंय.'

तुम्ही सगळे ओळखी कशा जपता? काम थेट मागता का? आणि यासाठी वेळ कुठून काढता? सविस्तर लिहा, मला खरंच समजून घ्यायचं आहे.

रेषामात्र

ताई, फार मनापासून लिहिलंय. '५१ जणांपुढे एकच ओळ' वाचून मीही माझे मेल उघडले. माझी स्थिती वेगळी नाही.

मी चित्रकार आहे, पुस्तकांची आणि मासिकांची चित्रं काढतो. माझा अनुभव सांगतो. मला निम्म्याहून जास्त काम दुसऱ्या चित्रकारांकडून येतं. सुरुवातीला मी त्यांना स्पर्धक समजायचो, आपले दर आणि क्लायंट लपवून ठेवायचो. मग एकदा हात दुखावला. मनगटाला पट्टा, दीड महिना पेन धरायचं नाही. हातात अर्धवट पुस्तक होतं. ज्या चित्रकाराशी माझी जेमतेम ओळख होती तिला फोन केला. तिने माझ्या कच्च्या रेखाटनांवरून, माझ्याच शैलीला धरून, उरलेली ११ चित्रं पूर्ण केली आणि संपादकांशी बोलताना दर वेळी माझं नाव पुढे केलं. क्लायंट माझाच राहिला.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. वेळ नसेल तर नुसतं 'जमणार नाही' असं कळवत नाही. दोन नावं देतो, आणि प्रत्येक नावापुढे एक वाक्य लिहितो: हा माणसांचे चेहरे उत्तम काढतो, हिची यंत्रांची चित्रं बिनचूक असतात. विचारणाऱ्याचं काम अडत नाही, म्हणून पुढच्या वेळी तो पुन्हा मलाच आधी विचारतो. आणि ज्यांची नावं दिली, त्यांना माझं नाव आठवतं.

अर्धविराम

दौतटाक, तुम्हाला धड न आठवणाऱ्या माणसाकडून काम आलं, यावर समाजशास्त्रात बरंच काम झालेलं आहे, म्हणून लिहितो.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली 'कमकुवत धाग्यांची ताकद' दाखवणारा निबंध लिहिला. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारलं होतं, ही खबर ज्याच्याकडून कळली त्याला तुम्ही किती वेळा भेटायचात? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त १६.७ टक्के लोकांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. ५५.६ टक्के लोकांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून, आणि २७.८ टक्के लोकांना वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेट होणाऱ्याकडून. नमुना लहान होता, ५४ जणांचा. पण कारण पटण्यासारखं आहे. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. लांबचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो, त्यामुळे वेगळी खबर आणतो.

२०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात याचीच मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. लिंक्डइनवरच्या २ कोटींहून जास्त लोकांना कुणाची ओळख सुचवायची, यात पाच वर्षं फेरफार करून पाहिले गेले. त्यात असं दिसलं की नोकरी बदलायला अगदी जवळच्या ओळखींपेक्षा बेताच्या कमकुवत ओळखी जास्त उपयोगी पडतात. पण ओळख फारच पुसट असेल तर तो उपयोग पुन्हा कमी होतो. तुमचा पाच मेलवाला डिझायनर नेमका या मधल्या पट्ट्यातला.

आणि तुमच्या २० मेलांसाठी मुद्दाम: २०११ साली लेव्हिन, वॉल्टर आणि मर्निघन यांनी अधिकाऱ्यांना निदान तीन वर्षं न बोललेल्या माणसांशी पुन्हा संपर्क साधून चालू कामाबद्दल सल्ला घ्यायला लावला. तो सल्ला रोजच्या सहकाऱ्यांच्या सल्ल्याइतकाच, कित्येकदा त्याहून जास्त मोलाचा निघाला. मधल्या काळात ती माणसं बरंच नवं शिकलेली असतात, आणि जुना विश्वास मात्र टिकून असतो.

पाणवठा

२२ वर्षं ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंकलन करतो आहे, बहुतेक काळ स्वतंत्रपणे. वरचे प्रतिसाद आवडले. अर्धविराम यांच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडतो.

ते अभ्यास नोकरीचे आहेत. नोकरीत खबर लागली की पुढे मुलाखत असते, चाचणी असते, पारख करणारी यंत्रणा असते. फ्रीलान्सरला कुणी चाचणीला बोलवत नाही. काम बहुतेक वेळा घाईत द्यायचं असतं आणि देणारा एकच प्रश्न विचारतो: 'हा माणूस मधेच सोडून तर जाणार नाही ना?' या प्रश्नाचं उत्तर लांबची ओळख देऊ शकत नाही. ते जवळचा माणूसच छातीठोकपणे देतो. यान्जी बियान यांनी चीनमधल्या तिआनजिन शहरात केलेल्या अभ्यासात हेच आढळलं होतं. तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. तिथे नोकऱ्या सरकार वाटून द्यायचं, त्यामुळे खबरीपेक्षा वजन खर्च करणाऱ्या माणसाची गरज जास्त, आणि ते वजन घट्ट नात्यांतूनच मिळायचं.

म्हणून माझं मत असं: लांबच्या ओळखी खूप असाव्यात, त्या दार दाखवतात. पण तुमच्यासाठी शब्द टाकणारी चार-पाच माणसं तरी हवीत, आणि ती मेल पाठवून तयार होत नाहीत. त्यांच्याबरोबर एखादी वाईट रात्र काढलेली असावी लागते. माझ्यासाठी आजही शब्द टाकणारा एक दिग्दर्शक आहे. बारा वर्षांपूर्वी त्याच्या माहितीपटाचं सगळं मुद्रण हार्डडिस्क बिघडून गेलं. माझ्याकडे करारात नसलेली दुसरी प्रत होती, कारण मी सवयीने प्रत्येक दिवसाचं मुद्रण दोन ठिकाणी ठेवतो. रात्री दोन वाजता मी ती घेऊन त्याच्याकडे गेलो. आम्ही त्याबद्दल पुन्हा कधी बोललेलो नाही.

दौतटाक, तुमच्या पहिल्या क्लायंटबद्दल एक विचारतो. ज्या बाई नोकरी बदलून गेल्या, त्या गेल्या कुठे? तुमचं नातं कंपनीशी नव्हतंच, त्यांच्याशी होतं. त्या नव्या ठिकाणी बसल्या असतील आणि तिथेही त्यांना अनुवाद लागत असेल.

दौतटाक

पाणवठा दादा, खरं सांगते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. 'काम गेलं' म्हणत मी त्या बाईंनाही मनातून वजा करून टाकलं. आजच लिहिते त्यांना.

नवशिकी

सगळं वाचलं, वाचनखूण साठवली. पण माझा प्रश्न वेगळा आहे. मला मुद्रितशोधन सुरू करून जेमतेम सहा महिने झालेत. मेल चाळायला माझ्याकडे जुनी माणसंच नाहीत. दोन क्लायंट, तेही एका ओळखीच्या बाईंनी दिलेले. नव्याने सुरू करणाऱ्याने कुणापासून सुरुवात करायची? अनोळखी प्रकाशकांना ४० मेल पाठवले, दोन उत्तरं आली, दोन्ही 'सध्या गरज नाही'.

काठावरचा

नवशिकी, मी प्रोग्रामर आहे आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते, त्यामुळे माझा रस्ता उपयोगी पडेल असं वाटतं.

कार्यक्रमांना जाऊन कार्ड वाटणं मला कधी जमलं नाही. मी लोकांच्या अडलेल्या प्रश्नांना उत्तरं लिहीत गेलो. एका मुक्त स्रोत प्रकल्पात मराठी अक्षरांचा क्रम लावताना चूक व्हायची. 'क्ष' आणि 'ज्ञ' कुठे ठेवायचे यावरून गोंधळ होता. मी ती चूक दुरुस्त करून पाठवली, सोबत ती का होते हे दीड पानभर समजावून लिहिलं. ते पान वाचून चार महिन्यांनी एका कोशाचं काम करणाऱ्यांनी मला शोधून काढलं. मी कुणाला भेटायला गेलो नव्हतो. माझं काम कुणालाही बघता येईल अशा जागी पडलेलं होतं, एवढंच.

कार्यक्रमाला जावंच लागलं तर मी वेळेआधी पोचतो. पंधरा-वीस माणसं असताना बोलणं सोपं जातं, खोली भरली की घोळके पक्के झालेले असतात. आणि मनात एकच खरा प्रश्न घेऊन जातो, ज्याचं उत्तर मला हवंच असतं.

अजून एक. बोलून झाल्यावर 'आपण काहीतरी बावळटासारखं बोललो' असं वाटत राहतं ना? २०१८ साली बूथबी आणि सहकाऱ्यांचा यावर अभ्यास आला होता. पहिल्या संभाषणानंतर समोरच्याला आपण जितके आवडलेले असतो, त्यापेक्षा कमी आवडलो असं बहुतेकांना वाटतं. हे वाचल्यापासून मी दुसऱ्या दिवशी 'काल भेटून आनंद झाला' असा मेल पाठवायला कचरत नाही.

रेषामात्र

नवशिकी, ४० अनोळखी प्रकाशकांपेक्षा तुझ्या कामाच्या आधीचा हात आणि नंतरचा हात शोध. मुद्रितशोधनाच्या आधी मजकूर कुणाच्या हातात असतो? संपादकाच्या, अनुवादकाच्या, अक्षरजुळणी करणाऱ्याच्या. नंतर कुणाकडे जातो? पानं लावणाऱ्याकडे, छापखान्याकडे. प्रुफातल्या चुकांचा त्रास याच माणसांना सगळ्यात आधी होतो. पानं लावून झाल्यावर तिसऱ्यांदा दुरुस्त्या आल्या की डिझायनरचा जीव मेटाकुटीला येतो. चांगला मुद्रितशोधक मिळाला तर त्याला प्रकाशकापेक्षा जास्त हायसं वाटतं, आणि 'हिला घ्या' असं प्रकाशकाला तोच सांगतो.

तुझे दोन क्लायंट आहेत ना? त्या दोन कामांत पानं कुणी लावली, ते विचार. त्या दोघांना लिही.

दौतटाक

हे फार नेमकं आहे. माझा पाच मेलवाला माणूसही 'नंतरचा हात'च होता!

नवशिकी, यात अजून एक सांगते. डिझायनरला लिहिताना 'काम असेल तर सांगा' लिहू नकोस, विचार की दुरुस्त्या तुम्हाला कशा स्वरूपात मिळाल्या तर सोयीचं पडेल. कुणाला पीडीएफवर खुणा हव्या असतात, कुणाला पान क्रमांक आणि ओळ क्रमांक देऊन वेगळी यादी. हे त्यांना सहसा कुणी विचारत नाही.

तिसरी खिडकी

सगळं छान छान चाललंय म्हणून थोडं कडू लिहिते.

मी संकेतस्थळांसाठी मजकूर लिहिते. दोन वर्षांपूर्वी काम जास्त झालं म्हणून एका ओळखीच्या लेखिकेला माझ्या क्लायंटशी जोडून दिलं. पुढच्या तिमाहीत तिने माझ्यापेक्षा कमी दर सांगून सगळंच काम स्वतःकडे घेतलं. मला कळलं ते क्लायंटच्या एका चुकून आलेल्या मेलमधून. पैशापेक्षा विश्वासाचं दुःख जास्त झालं. त्यानंतर मी कुणाचंही नाव पुढे केलेलं नाही, आणि रेषामात्र यांचा प्रतिसाद वाचून मला वाटतंय की मी स्वतःलाच कोंडून घेतलंय. पण पुन्हा विश्वास ठेवायचा कसा?

पाणवठा

ताई, असं झालं की मन उठतं, स्वाभाविक आहे. माझ्या बाबतीतही झालंय.

मी त्यातून एक गोष्ट शिकलो. आपण दोन वेगळ्या व्यवहारांना एकच समजतो. नाव सुचवणं म्हणजे ते काम त्या माणसाला देऊन टाकणं. त्यानंतर क्लायंट त्याचा झाला तरी तक्रार नाही. काम वाटून देणं म्हणजे क्लायंट माझा, जबाबदारी माझी, तपासणी माझी, पैसे माझ्यामार्फत. तुम्हाला दुसरं हवं होतं, पण व्यवहार पहिल्यासारखा झाला. ती वागली ते चुकीचंच. तरी आता मी फोनवर बोलून झालं की लगेच चार ओळी लिहून पाठवतो: हे काम माझ्यामार्फत आहे, क्लायंटशी बोलणं मीच करेन, काम संपल्यावर अमुक महिने त्या क्लायंटचं काम थेट घ्यायचं ठरलं तर आधी मला सांगायचं. चार ओळी वाचून जो कचरतो, त्याला काम देत नाही. रागावलेलं आजवर कुणी नाही.

दुसरं, नाव सुचवण्याआधी दोन्ही बाजूंना विचारतो. एखाद्याचा नंबर परस्पर देऊन टाकणं मला पटत नाही. ज्याचं नाव देतोय त्याला आत्ता वेळ आहे का, हे काम त्याला करायचं आहे का, हे विचारल्याशिवाय दिलं तर नकार देताना त्याला अवघडतं आणि आपल्यालाही. आणि नाव दिल्याबद्दल काही मोबदला घेणार असाल, तर तो क्लायंटलाही माहीत असला पाहिजे. मी घेत नाही, पण घेण्यात गैर आहे असं म्हणणार नाही. लपवणं मात्र गैर.

तिसरी खिडकी

चार ओळींचं लिहून घेतलं. धन्यवाद दादा.

अर्धविराम

थेट काम मागायचं की नाही, हा दौतटाक यांचा मूळ प्रश्न मागे पडला. मी मागतो. 'काही असेल तर लक्षात ठेवा' असं म्हणणं मी बंद केलं, कारण त्या वाक्याने सगळं ओझं ऐकणाऱ्यावर जातं. काय असेल तर? किती? कधी? तो 'हो नक्की' म्हणतो आणि विसरतो, त्यात त्याचा दोष नाही.

आता मी असं लिहितो: 'पुढच्या महिन्याच्या १० तारखेपासून दोन आठवडे माझ्याकडे जागा आहे. ६० पानांपर्यंतचं संपादन घेऊ शकतो, शक्यतो चरित्र किंवा विज्ञान.' हे वाचणाऱ्याला लगेच कळतं की आपल्याकडचं काम यात बसतं की नाही. बसत नसेल तर तो निःसंकोच 'नाही' म्हणू शकतो. हे मात्र ज्यांच्याशी वर्षभरात काहीतरी बोलणं झालेलं आहे त्यांनाच. तीन वर्षांनी पहिला मेल आणि त्यातच कामाची मागणी, हे मला स्वतःला आलेलं आवडत नाही.

काठावरचा

अर्धविराम यांना अनुमोदन. वेळेचं सांगायचं तर मी एक साधं कोष्टक ठेवलंय. चार रकाने: नाव, शेवटचं बोलणं कधी, तेव्हा ते कशात गुंतले होते, आणि मी त्यांना काय देऊ शकतो. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. 'मुलीची परीक्षा', 'नवीन सॉफ्टवेअरशी झगडा', 'पाठीचं दुखणं' असं काहीही. पुढच्या वेळी तिथूनच बोलणं सुरू होतं. सुरुवातीला माणसांची अशी नोंद ठेवणं कोरडं वाटलं होतं. पण माझी स्मरणशक्ती चांगली नाही आणि ती माणसं मला महत्त्वाची आहेत, मग लिहून ठेवण्यात संकोच कसला?

दौतटाक

मी शुक्रवारी दुपारी अर्धा तास ठेवलाय, तीन माणसांना लिहायचं. कधी एखादा शब्द विचारते, कधी त्यांचं छापून आलेलं काही वाचलं तर त्यातली आवडलेली ओळ कळवते. सांगण्यासारखं काही नसेल तर त्या आठवड्यात त्या माणसाला लिहीत नाही. ओढूनताणून लिहिलेला मेल समोरच्याला कळतो.

पाणवठा दादा, त्या बाईंना लिहिलं होतं. त्यांचा फोन आला. नव्या ठिकाणी अनुवादाचं काम नाही म्हणाल्या, पण पाऊण तास बोललो. मी इतके दिवस गप्प का, असं त्यांना वाटत होतं म्हणे. त्यांना वाटलं, मीच रागावलेय.

नवशिकी

तीन आठवड्यांनी परत आले. रेषामात्र दादांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही कामांतल्या डिझायनरांची नावं मिळवली आणि दौतटाक ताईंनी सुचवलेला प्रश्न विचारला. एकाचं उत्तर नाही आलं. दुसऱ्या बाईंनी लगेच फोन केला! वीस मिनिटं त्या फक्त दुरुस्त्यांबद्दल बोलत होत्या: ओळ वाढली की पुढची चार पानं कशी सरकतात, म्हणून शब्द बदलताना शक्यतो तितक्याच लांबीचा घ्यावा, वगैरे. मी सगळं लिहून घेतलं. काल त्यांच्या एका संपादकांकडून १२ पानांचं प्रूफ आलंय, परवा द्यायचं आहे.

आता अडचण अशी की पान ७ वर एका आकृतीखालचा मजकूर दुसऱ्याच आकृतीचा वाटतोय. दुरुस्त्यांची यादी संपादकांना पाठवायची की डिझायनर बाईंना? आणि हे आकृतीचं यादीतच लिहू का?

दौतटाक

यादी संपादकांना पाठव, काम त्यांनी दिलंय. डिझायनर बाईंना सीसीमध्ये ठेव, पण आधी संपादकांना विचारून. आकृतीचं परवापर्यंत थांबवू नकोस. आजच संपादकांना फोन कर, पान उघडून समोर ठेव आणि दोन्ही आकृत्यांचे क्रमांक वाचून दाखव. 'चुकलंय' म्हणू नकोस, 'मला असं दिसतंय, तुम्ही एकदा बघाल का' असं म्हण. काय झालं ते कळव.